मैत्रीण केस उपटते, तेव्हा आपण काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकायला म्हणून नागपुरात आलेल्या आम्ही दोघी नंदनवन नावाच्या वस्तीत एका भाड्याच्या खोलीत तीन वर्षं राहिलो. ती बाराव्या-तेराव्या वर्षापासून केस उपटते, हे कळायला मला त्यातलं पहिलं वर्ष लागलं. कळल्यावर धड वागायला शिकेपर्यंत दुसरं वर्ष संपलं. तिला विचारून आणि तिची ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. पण आमची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे अशा मुलींनी, काही आयांनी आणि एका भावाने मला पुन्हा पुन्हा हेच प्रश्न विचारले, म्हणून उत्तरं एका जागी ठेवते.

हा नेमका काय प्रकार आहे?

वैद्यकीय नाव ट्रायकोटिलोमेनिया. 1889 मध्ये फ्रान्समधल्या हालोपो नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने ग्रीक शब्द जोडून ते बनवलं: केस, उपटणं आणि उन्माद. उन्माद हा शब्द त्यात नसता तर बरं झालं असतं, कारण यात उन्मादासारखं काही नसतं. माणूस शुद्धीवर असतो, कामधंदा करतो, परीक्षा देतो आणि हात डोक्याकडे जातो. डोक्याचेच नाही, भुवया, पापण्या, दाढी, हातापायावरचे केसही उपटले जातात. थांबवायचा प्रयत्न अनेकदा केलेला असतो, तो फसलेला असतो आणि त्याचा त्रास होत असतो, तेव्हा डॉक्टर त्याला आजार म्हणतात.

हल्ली हा आजार ओसीडीच्या, म्हणजे तोच विचार किंवा तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराच्या, कुटुंबातला मानतात. नखं कुरतडणं, त्वचा खरवडत राहणं ही त्याची जवळची भावंडं. शंभरातल्या एक-दोघांना तरी आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो असा अंदाज आहे. म्हणजे तुमच्या कोचिंग क्लासच्या दोनशेच्या बॅचमध्ये दोन-चार जण असू शकतात, आणि त्यातला प्रत्येक जण आपण एकटेच असे आहोत असं समजत असतो. माझी मैत्रीणही तसंच समजत होती. आपल्या आजाराला नाव आहे हे तिला एकविसाव्या वर्षी कळलं. त्या रात्री ती खूप रडली आणि म्हणाली, "म्हणजे मी खराब नाही ना?"

सवयच ना शेवटी? मनावर घेतलं तर सुटेल की.

हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं होतं की ती स्वतःच ते स्वतःला सुनवायची. वहीच्या शेवटच्या पानावर "आजपासून नाही" असं लिहून खाली तारीख टाकायची. तशी पानं भरली होती. मनावर घेणं हाच इलाज असता तर ती कधीच बरी झाली असती.

उपटणं दोन तऱ्हांनी होतं. एकात कळतच नाही. वाचताना, फोनवर बोलताना, टीव्ही बघताना हात आपोआप जातो आणि पुस्तकावर पाच-दहा केस पडलेले दिसले की मग लक्षात येतं. ती म्हणायची, "मले कळतच नाही ना बाप्पा, हात कधी गेला." दुसऱ्या तऱ्हेत पुरतं कळत असतं. आतून ताण चढत जातो, बोटं एखादा राठ, वळलेला, वेगळा लागणारा केस शोधत राहतात आणि तो निघाला की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं. मग लाज. लाजेतून पुन्हा ताण, आणि ताणातून पुन्हा हात वर. बहुतेकांमध्ये दोन्ही तऱ्हा मिसळलेल्या असतात. म्हणून रागावून काही होत नाही. रागावल्याने लाज वाढते, आणि हे चक्र चालतंच लाजेवर.

म्हणजे ती स्वतःला मुद्दाम इजा करून घेते का?

नाही. बाहेरून तसं दिसतं खरं, पण दुखवून घेणं हा हेतू नसतो. उलट अनेकांना उपटताना दुखत नाही, बरंच वाटतं. सुंदर दिसण्यासाठी भुवया कोरण्यासारखंही हे नाही. लहानपणी काही वाईट घडलं असेल असा तर्क लोक लगेच लढवतात. काहींच्या बाबतीत तसं असतं, पुष्कळांच्या बाबतीत काहीच नसतं. मेंदूची घडण, घराण्यात चालत आलेली प्रवृत्ती, ताण, कंटाळा असं सगळं एकत्र येतं. तिच्या आईने स्वतःला वर्षानुवर्षं दोष दिला. त्या माउलीला कोणीतरी आधीच सांगायला हवं होतं की हे तिच्या वाढवण्यामुळे झालेलं नाही.

मला शंका आहे. ओळखायचं कसं?

मला गुंतवळावरून कळलं. आपल्याकडे विंचरून झाल्यावर फणीतले केस बोटाला गुंडाळून त्याचा गोळा करतात. तिचा गोळा कधीच नसायचा. तिच्या टेबलाखाली मात्र सुटे केस पडलेले असायचे, एकेकटे, लांब, आणि प्रत्येकाच्या टोकाला पांढरं मूळ. गळलेल्या केसांना मूळ नसतं असं नाही, पण एकाच खुर्चीखाली, रोज रात्रीच्या अभ्यासानंतर इतके?

मग बाकीच्या गोष्टी जुळत गेल्या. रविवारी आम्ही सगळ्या गच्चीवर एकमेकींच्या डोक्याला तेल लावायचो, वेण्या घालायचो. ती कधी डोकं पुढे करायची नाही. मे महिन्यात नागपुरात गाडीवरची प्रत्येक मुलगी डोकं-तोंड स्कार्फने गुंडाळून फिरते, त्यात ती खपून जायची. पण डिसेंबरच्या रात्री खोलीतही स्कार्फ? भांग रोज थोडा सरकलेला. पंख्याखाली बसायचं टाळणं, पावसात भिजायचं टाळणं, अंबाझरी तलावावर जायचं ठरलं की वारा फार असतो म्हणून नाही म्हणणं.

चाई आणि हा आजार यांत लोकांची गल्लत होते. चाईत गोल, गुळगुळीत चट्टा पडतो. उपटण्याने पडलेल्या जागी वेगवेगळ्या लांबीचे तुटके खुंट असतात, हाताला टोचतात. नक्की काय ते त्वचेचे डॉक्टर छोट्या भिंगातून पाहून सांगतात. तुम्ही तिच्या डोक्यात डोकावून निदान करू नका.

विषय कसा काढू?

मी चुकीचा काढला होता. चार जणी बसल्या असताना म्हटलं, "काहून गं, तुझे केस एवढे विरळ काहून झाले?" ती उठून गेली आणि दोन दिवस बोलली नाही.

दुसऱ्यांदा जमलं ते चालताना. आम्ही दोघीच फुटाळा तलावाच्या काठाने चालत होतो, समोरासमोर नव्हतो, शेजारी शेजारी. माणसाला डोळ्यांत बघावं लागत नाही तेव्हा बोलणं सोपं जातं. मी म्हटलं, "एक विचारू? नको वाटलं तर उत्तर नको देऊस. अभ्यास करताना तू केस ओढतेस, ते मी पाहिलंय. मला त्याचं काही वाटत नाही. तुला त्रास होत असेल तर मी आहे." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "घरी नको सांगू." त्या संध्याकाळी एवढंच, आणि तेवढं पुरेसं होतं. बाकीचं तिने महिनाभरात तिच्या चालीने सांगितलं.

तिने नाकारलं तर? मान्य करा आणि सोडून द्या. दार उघडं आहे हे तिला कळलेलं असतं.

ती ओढताना दिसली तर टोकायचं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर मी सगळ्यात महागात शिकले.

कळल्यानंतरचे काही महिने मी तिची चौकीदार झाले होते. "हात खाली." "पुन्हा?" "बघ, सुरू केलंस." एकदा तर हातावर फटका मारला, लाडानेच, पण मारला. मला वाटायचं मी मदत करते आहे. ती मात्र माझ्यासमोर ओढणं बंद करून बाथरूममध्ये ओढायला लागली. आधी टेबलाशी दहा केस जायचे, आता कडी लावून अर्धा तास. ज्याच्यापासून लपावं लागतं असा आणखी एक माणूस मी तिला दिला होता, आणि तोही खोलीतलाच.

तेव्हा नियम असा: तिने सांगितल्याशिवाय टोकू नका. तिला विचारा, "तुझं लक्ष नसताना मला दिसलं तर काय करू? सांगू की गप्प राहू?" काहींना आठवण हवी असते, काहींना मुळीच नको असते, काहींना आज हवी आणि उद्या नको असते. हवी असेल तर खूण ठरवा. आमची खूण होती चहा. "चहा ठेवू का?" म्हटलं की तिला कळायचं. तिला थांबायचं असेल तर ती उठून माझ्यासोबत गॅसपाशी यायची. यायची नसली तर "नको" म्हणायची आणि मी खरोखरच माझ्या पुस्तकात बघायची. हे दुसरं अवघड आहे. जीव कळवळतो. पण तिच्या डोक्याचा हिशोब ठेवणं आपलं काम नाही. आपल्यापासून लपवावं लागणार नाही असं एक तरी माणूस तिला असावं, एवढंच आपल्या हातात आहे, आणि ते थोडं नाही.

कोणती वाक्यं टाळू?

"किती छान केस होते तुझे." "लग्न कसं होईल?" "आता भरले बघ!" हे शेवटचं कौतुकाचं असलं तरी त्यातून तुम्ही रोज मोजत होता हे कळतं, आणि पुन्हा गेले की तुमच्यासमोर यायची भीती वाटते. "जरा कमी टेन्शन घे" हेही नको. तिला केसांबद्दल सोडून बाकी सगळ्याबद्दल विचारा. पेपर कसा गेला, जेवलीस का, तर्री-पोहे खायला चलतेस का.

तिच्या घरी कळवावं का?

ती सज्ञान असेल तर तिच्या मर्जीशिवाय नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तो डॉक्टरांना बांधतो, पण मित्रांनीही त्यातलं तत्त्व उचलायला हरकत नाही. अपवाद दोनच: जिवाला धोका दिसत असेल तर, आणि ती केस गिळत असेल व पोटाचा त्रास सुरू झाला असेल तर. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

घरी सांगायचं तिने ठरवलं तर सोबत बसा. आमच्याकडे तिच्या आजीने आधी नजर काढली, मग कोणी बाहेरचं असेल म्हणालं, मग डोक्यावर तेल थापलं गेलं. त्या सगळ्यात माया होती. मी मध्ये पडून वाद घातला नाही. फक्त तिच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, "काका, याला नाव आहे, याचे डॉक्टर आहेत, आणि हे हिच्या हातात नाही." काका मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, यायला तयार झाले. आजीचं तेल चालूच राहिलं, आणि गंमत म्हणजे त्याचा थोडा उपयोगही झाला. तेलकट केस बोटातून निसटतात.

नागपुरात कोणत्या डॉक्टरकडे जायचं?

दोन दारं आहेत. त्वचारोगतज्ज्ञ हे निदान करतील आणि चाई, गजकर्णासारखा बुरशीचा संसर्ग वगैरे नाही ना हे पाहतील. पण उपटणं थांबवण्याचा उपचार मनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे मिळतो. ती पहिलं वर्षभर एका त्वचेच्या डॉक्टरांकडे मलमं लावत राहिली. त्यांनी एकदाही विचारलं नाही की केस गळतात की उपटतेस, आणि तिने एकदाही आपणहून सांगितलं नाही. तेव्हा जाताना हे एक वाक्य आधीच कागदावर लिहून घ्या: "माझे केस गळत नाहीत, मी ते उपटते." तोंडातून निघत नसेल तर कागद पुढे करायचा. आम्ही तसंच केलं.

सरकारीत मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स, या तिन्ही रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय तर 1864 पासून आहे. त्याच्या जवळच्या चौकाला लोक अजूनही पागलखाना चौक म्हणतात, आणि त्या एका नावापायी कित्येक जण उपचाराला जायचंच टाळतात. ऑटोवाल्याला तो चौक सांगावा लागेल म्हणून तीही अडली होती. मेडिकलला गेलं तर कोणत्या विभागात चाललो हे कोणाला कळत नाही, हा तिचा हिशोब. मी म्हटलं, चल तर चल. ज्या दाराने ती आत जाईल ते दार बरोबर.

खाजगीत जात असाल तर फोनवर आधी विचारा, "केस उपटण्याच्या त्रासावर हॅबिट रिव्हर्सल करता का?" हे काय ते पुढे लिहिलं आहे. उत्तरावरून अंदाज येतो. ओपीडीच्या दिवशी तुम्ही सोबत जा, केसपेपरच्या रांगेत उभे राहा, आणि आत जायचं की बाहेर थांबायचं ते तिला ठरवू द्या.

कुठे सुरुवात करावी हेच कळत नसेल तर टेली मानस ही सरकारी सेवा आहे, 14416 वर, चोवीस तास, फुकट, मराठीतही.

उपचारात काय करतात?

हॅबिट रिव्हर्सल ट्रेनिंग म्हणजे सवय उलटवण्याचं प्रशिक्षण. एझरिन आणि नन या दोघांनी 1973 मध्ये ते मांडलं आणि आजही या आजारावर सगळ्यात भरवशाचं तेच मानतात. आधी हात कधी, कुठे, कशामुळे जातो हे टिपून काढायचं. ती महिनाभर एका छोट्या वहीत लिहायची. त्यातून निघालं की ती पलंगावर लोळून वाचताना उजवा कोपर उशीवर टेकवते आणि मग हात कानामागे जातो. रात्री दहा ते बारा. गणित असेल तर कमी, पाठांतर असेल तर जास्त. हे तिला दहा वर्षांत ठाऊक नव्हतं.

मग त्या हाताला दुसरं काम द्यायचं, असं की ते चालू असताना उपटता येणार नाही. तिने मुठी आवळायचं निवडलं. ओढ आली की अंगठा आत घेऊन मूठ घट्ट मिटायची, मिनिटभर, ओढ ओसरेपर्यंत. ऐकायला अगदीच साधं वाटतं. पहिल्या आठवड्यात ती म्हणाली की मूठ मिटल्यावर ओढ जात नाही, वाढते. वाढून मग उतरते. ती उतरलेली पहिल्यांदा कळली त्या रात्री तिने मला झोपेतून उठवून सांगितलं.

त्यासोबत भोवतालची मांडणी बदलतात. आमच्या खोलीत पलंगावरचा अभ्यास बंद झाला. बाथरूमच्या आरशावरचा प्रखर बल्ब काढून मंद लावला. चिमटा माझ्या कपाटात गेला, तिनेच दिला. बोटांच्या टोकांना बँडेजची पट्टी, म्हणजे केस पकडता येत नाही. सीताबर्डीच्या फुटपाथवरून आणलेले रबरी चेंडू, मण्यांची माळ, मऊ ब्रश हे टेबलावर असायचं. नागपूरच्या उन्हाळ्यात हातमोजे शक्य नव्हते, ते दिवाळीनंतर.

मित्राचा खरा उपयोग इथे आहे. सामान आणून द्या, टेबल सरकवायला हात लावा, रात्री दहा ते बारा या वेळात समोर बसून तुमचाही अभ्यास करा. काही बोलायची गरज नाही.

यावर गोळ्या आहेत का?

याच आजारासाठी म्हणून मंजूर झालेलं खास औषध अजून नाही. एन-ॲसिटिलसिस्टीनचा 2009 मध्ये 50 प्रौढांवर प्रयोग झाला. बारा आठवड्यांत औषध घेणाऱ्यांपैकी 56 टक्के लोकांना बराच फरक पडला, खोट्या गोळीवर 16 टक्क्यांना. मुलांवर मात्र पुढच्या प्रयोगात तसा फायदा दिसला नाही. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर डॉक्टर त्याची औषधं देतात, त्यामुळे एकूण झेपायला बरं पडतं. औषधांच्या दुकानातून स्वतःहून काहीही घेऊ नका, मैत्रिणीलाही आणून देऊ नका.

ती केस तोंडात घालते. काळजी करू का?

उपटलेला केस ओठांवरून फिरवणं, मूळ दातात धरणं हे अनेक जण करतात. ते सांगायला फार लाजतात. ऐकताना चेहरा वाकडा करू नका.

गिळत असेल तर मात्र गंभीर आहे. केस पचत नाहीत. पोटात साचून त्यांचा गोळा होतो, कधी त्याची शेपटी आतड्यात उतरते. आपल्या देशात असे गोळे ऑपरेशन करून काढावे लागल्याच्या नोंदी कमी नाहीत, बहुतेक तरुण मुलींच्या. पोट दुखणं, उलट्या, दोन घासांत पोट भरणं, वजन उतरणं, वरच्या पोटात गाठ लागणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, आणि केस गिळते हे त्यांना स्पष्ट सांगा. ते सांगितलं नाही तर ॲसिडिटीच्या गोळ्यांवर महिने जातात. इथे तिची नाराजी पत्करा.

लग्नकार्य, पार्लर, हळदीकुंकू यांचं काय?

पार्लरवाल्या ताईला आधी फोन करा, सोबतच्या माणसाने केला तर फार हलकं होतं. "माझ्या मैत्रिणीच्या डोक्यावर मधे जागा रिकामी आहे, त्यावर बोलायचं नाही, पडदा लावून करून द्याल का?" आम्हाला पहिल्या दोन ठिकाणी नीट उत्तर मिळालं नाही. तिसरी बाई म्हणाली, "घेऊन या, माझ्याकडे अशा तीन येतात." तिने डोळ्यांनी काही न विचारता भांग तिरका वळवला, केसांत भरण घातलं, वर गजरा माळला. मैत्रीण आरशात बघत राहिली, आणि तिचा हात मांडीवरच होता.

समारंभात कोणी मावशी-काकू विचारतीलच. काय उत्तर द्यायचं हे तिने आधी ठरवून ठेवावं. "ट्रीटमेंट चालू आहे, मावशी" एवढ्यावर बहुतेक जणी थांबतात. न थांबल्या तर तुम्ही जेवणाचा विषय काढा.

केस परत येतात का?

बहुतेकदा येतात. डोक्याचे केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे धीर धरावा लागतो. भुवया-पापण्यांना काही महिने लागतात. एकाच जागी वर्षानुवर्षं उपटलं असेल तर मूळ दुखावतं आणि तिथे केस बारीक, पांढरा किंवा विरळ येतो, क्वचित येतच नाही. नवे केस ताठ आणि राठ उगवतात आणि बोटांना नेमके तेच खुणावतात. त्यामुळे भरत आलेल्या जागीच पुन्हा सुरू होण्याचा धोका असतो, हे दोघींनाही माहीत असलेलं बरं.

सरळ टक्कल करून टाकलं तर?

काही जण स्वतः ठरवून करतात आणि त्यांना हायसं वाटतं. दुसऱ्याने जबरदस्तीने केलं तर तो अपमान असतो, आणि केस वाढले की ओढ परत येते. निर्णय तिचा.

मित्र असेल, मुलगा, तर?

सगळं हेच. मुलं दाढी-मिशा उपटतात आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. डोक्यावर जागा दिसली की "टकल्या" म्हणून चिडवलं जातं. ते तुमच्या ग्रुपमध्ये चालू असेल तर तुम्ही थांबवा, त्याला थांबवायला लावू नका. उपचाराला येणाऱ्या प्रौढांत बायका जास्त असतात, लहान मुलांत मात्र मुलगे-मुली जवळपास सारखेच.

तीन महिने सगळं छान होतं, परीक्षेत पुन्हा सुरू झालं. फुकट गेलं का?

नाही. हा आजार जातो-येतो. तिने शिकलेली मूठ कुठे गेलेली नसते. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावरच्या तारखा आम्ही एका संध्याकाळी फाडून टाकल्या, कारण एक दिवस चुकला की सगळं शून्यावर, हा हिशोबच तिला बुडवत होता. आता ती एवढंच बघते की ओढ आली तेव्हा किती वेळा मूठ मिटली.

तिला जगणं नकोसं झालंय असं ती बोलली तर?

हलक्यात घेऊ नका आणि गुपित ठेवू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने विचार येत नाहीत. तिला एकटं सोडू नका, 14416 ला फोन लावा, धोका समोर दिसत असेल तर थेट जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या आणि घरच्यांना बोलवा.

मीच थकले तर?

थकाल. मी थकले होते. केर काढताना तिचे केस सुपडीत बघून मला रडू यायचं आणि ते मी तिला सांगूही शकत नव्हते. मी माझ्या मोठ्या बहिणीला सांगितलं, मैत्रिणीला विचारून. एका रविवारी मैत्रिणीला म्हटलं, "आज मी दिवसभर बाहेर आहे, संध्याकाळी येते." ती म्हणाली, "जा ना, मी काय लहान आहे?" मी महाल भागात जाऊन बहिणीसोबत जेवले, परत आले तेव्हा ती गच्चीवर बसली होती. शेजारी तेलाची वाटी होती. म्हणाली, "तुला वेळ असेल तर मागच्या बाजूला लावून दे. तिथे माझा हात नीट पोचत नाही."